निगेटिव्हवरचं कुंकू

आमच्या वजीरसायबांचा एक कायदा हाय. फोटोच्या निगेटिव्हला बोट लावायचं न्हाई. कडेनं धरायची, चकचकीत अंग वर, मळकट अंग खाली, आन् धूळ रबरी फुग्यानं उडवायची. मी तोंडानं फुंकर घातली तरी खेकसतात, "नूरजहां, थुंकी उडती!" कालवण करपलं तर गप गिळतील, पण निगेटिव्हवर एक ओरखडा दिसला की घर डोक्यावर घेतात. तासगावातले समदे फोटोवाले कॉम्प्युटरवर गेले, ह्यांची अंधारखोली अजून चालूच. गिऱ्हाईक म्हणाल तर महिन्याकाठी एखादं. मी कटकट करती, ते ऐकत न्हाईत.

परवा दुपारी शालूबाई आली. तिचा ल्योक आकाराम फौजेत होता. भरती झाल्यावर वर्दीतला फोटो ह्यांनीच काढला होता. पोरगं पुढं सीमेवर गेलं आन् तिरंग्यात गुंडाळून परत आलं. तवा ह्यांनी निगेटिव्ह तिच्या हातात दिली होती. म्हणाले होते, "आक्का, घरात सगळ्यात जपायच्या जागी ठेवा. भिंतीवरचा फोटो गेला तरी ह्यातनं पुन्हा निघंल."

आता भिंतीवरचा फोटो वाळवीनं खाल्ला. पुतण्यानं त्यावरनं मोबाईलवर कसला तरी चेहरा बनवून दिला, तर शालूबाई म्हणाली, "देखणा हाय, पर ह्यो माझा आकाराम न्हवं."

तिनं पदराची गाठ सोडली. ह्यांनी निगेटिव्ह कडेनं धरून उजेडात बघितली आन् ह्यांचं तोंडच उतरलं. चेहऱ्यावर लालभडक थर बसला होता.

"आक्का, कुठं ठेवली होती ही?"

"देव्हाऱ्यात. तुमीच म्हणला न्हवं, जपायच्या जागी ठेवा? रोज आंघोळ करून त्येच्या कपाळाला कुंकू लावलं. एक दिस चुकला न्हाई." किती अभिमानानं सांगत होती बिचारी!

मला वाटलं, आता हे वरडणार. पण ह्यांनी तिच्याकडं स्टूल सरकवलं. देव्हाऱ्यात ठेवलेल्या फोटोला कुंकू लागतंच की, त्यात तिचं काय चुकलं?

आधी हाय तशी छापून बघितली. मी लाल दिव्यात ताट धरून उभी. कागद रसायनात सोडला तशी हळूहळू टोपी उमटली, बिल्ला उमटला, वर्दीच्या गुंड्या उमटल्या. तोंडाच्या जागी कागद कोराच राहिला. कुंकवातनं उजेड खाली पोचतच नव्हता.

बाहेर येऊन ह्यांनी तिला सरळ सांगितलं, "धुवून बघता येईल. पण रोजच्या ओल्या बोटानं कुंकवाखालचा, चेहरा असलेला थरच मऊ पडलाय. नुसतं कुंकू सुटलं तर चेहरा मिळंल. न्हाईतर कुंकवासंगं चेहराबी जाईल."

"आवं, नका हात लावू," मी म्हटलं.

शालूबाई म्हणाली, "तोंडाबिगर फोटू घिऊन काय करू, भाऊ? धुवा."

ह्यांनी स्वच्छ पाण्यात निगेटिव्ह अलगद सोडली. कापूस न्हाई, ब्रश न्हाई, नुसतं बघत बसलो. पाणी गुलाबी होत गेलं. "सुटलं की!" मी वरडलेच. तेवढ्यात त्या लालीमागनं चेहऱ्याचीच नखाएवढी काळी साल वर आली आन् तरंगायला लागली. या अल्ला! ज्या माणसानं उभ्या जन्मात निगेटिव्हला बोट लावलं न्हाई, त्यानं अख्खा पंजा पाण्यात घातला. साल बोटाला चिकटली आन् तिथंच विरघळली.

"निघालं का कुंकू?" शालूबाईनं इचारलं.

"निघालं," हे म्हणाले. काळं झालेलं बोट तसंच वर धरून उभे राहिले.

शालूबाईनं निगेटिव्ह उजेडात धरली. आता तिला कडेनं धरायला कुणी शिकवलं न्हाई, तरी तिनं कडेनंच धरली. वर्दी होती. तोंडाच्या जागी आरपार, पलीकडचा रस्ता दिसत होता.

तिनं ती पुन्हा पदराच्या गाठीत बांधली. मग ह्यांच्याकडं वळून हळूच म्हणाली, "भाऊ, उद्या सकाळी कुंकू कुठं लावू?"