प्रभाताईंनी माईक मागितला तेव्हा

चौसाळ्याला एसटीतून उतरत होतो, तेवढ्यात फोन वाजला. "ताई गेल्या..." पलीकडून सलीमभाई एवढंच बोलले. महामार्गावर ट्रकांचा धुरळा उडत होता आणि माझ्या डोळ्यांपुढे मात्र त्या उभ्या राहिल्या त्या माईक हातात घेतलेल्या, पदर खोचलेल्या, आवाज टिपेला लागलेल्या! त्याला आता काही आठवडे झाले. मनात बाई अजून तशाच उभ्या आहेत.

ॲडव्होकेट प्रभाताई केजच्या कोर्टात वकिली करत, मी त्यांचा ज्युनिअर. बौद्ध वस्तीत वाढलेल्या ताईंना अन्यायाची बातमी कुठलीही असो, आपल्या गल्लीत घडल्यासारखी झोंबायची. गाझातल्या पोरांचे फोटो पाहिले आणि त्या जेवणावरून उठल्या. "केजात सभा घ्यायची," म्हणाल्या. टायरचं दुकान चालवणाऱ्या सलीमभाईंनी मंडप दिला, मी गावभर भोंग्याची रिक्षा फिरवली. मुख्य वक्ते होते देशपातळीवर गाजलेले आमचे केजचेच बाबाराव सर, ताईंचे कॉलेजच्या चळवळीपासूनचे मित्र, थोरल्या भावासारखे.

काय गर्दी झाली होती! सरांनी इस्रायलच्या सरकारच्या एकेका निर्णयाची चिरफाड केली, आणि सगळ्यात जोरात टाळ्या ताईंच्याच. मग टाळ्या सरांना चढत गेल्या. "अरे, ही यहुद्यांची जातच कावेबाज! सगळ्या जगाचा पैसा यांच्या मुठीत. जर्मनीत यांच्यासंगं जे झालं, ते काय उगंच झालं?"

लोक हसले. ताई मात्र उठल्या, तरातरा स्टेजवर चढल्या. "सर, माईक द्या."

सभा त्यांची, पाहुणा त्यांचा!

"मघापर्यंत सर सरकारबद्दल बोलत होते, ते माझंबी म्हणणं हाय. त्या सरकारला लई कडक बोला, मी पुढं हाय. पण आता सर जन्मावर आले. 'ही जातच तशी' हे वाक्य आमच्या वस्तीनं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय. माझ्या मंडपात ते कुणाबद्दलच चालणार न्हाई. आन् जर्मनीत लेकरंबाळं मारली, त्याला 'उगंच झालं का' म्हणता? मग गाझातल्या पोरांसाठी कोणत्या तोंडानं रडायचं?"

मागून कोणीतरी ओरडलं, "कावून इस्रायलची बाजू घेता, ताई?"

"मेलेल्या पोरांची घेते! त्यांच्या नावावर दुसऱ्यांचा द्वेष खपवू देणार न्हाई."

सर तडक निघून गेले. अर्धा मंडप रिकामा झाला. तेव्हा सलीमभाई मागच्या खुर्चीवरून उठून पुढे येऊन बसले. "बोला ताई. आमच्याबद्दलबी लोक असंच सरसकट बोलत्यात." आणि ताई बोलल्या! उरलेल्या माणसांपुढे बोलल्या, घसा बसेपर्यंत.

पुढे मोबाइलवर शिव्या आल्या. त्यांचं ताईंना काही वाटलं नाही. सरांनी बोलणं टाकलं, ते मात्र लागलं. "सर घरावरून जातात रे, वर बघत न्हाईत..." असं म्हणून त्या फाइलीत डोकं घालायच्या. शेवटी एका संध्याकाळी सरच ऑफिसात आले. मी चहा सांगितला. तो गार झाला, दुसरा सांगितला, तोही झाला. दोघं कडाकडा भांडले. शेवटी सर हळू आवाजात म्हणाले, "प्रभा, पोरांचे फोटो बघून डोकं फिरलं होतं गं."

"फिरू द्या की! राग हायच. पण ज्यानं केलं त्याच्यावर काढा. त्या धर्माचा एखादा दुकानदार, एखादी म्हातारी, त्यांनी काय केलं?"

सर जाताना दारात थांबले आणि त्यांनी ताईंच्या डोक्यावर हात ठेवला. बाई लहान पोरीसारख्या हसल्या.

परवा शोकसभा झाली. ताईंना आवडलं असतं म्हणून सर गाझावरच बोलायला उभे राहिले. आवाज चढत गेला, मूठ वळली. "या यहु..." आणि सर थांबले. पहिल्या रांगेत आम्ही ताईंची खुर्ची मोकळी ठेवली होती. सरांनी तिच्याकडे पाहिलं, चष्मा पुसला.

"या सरकारनं," सर म्हणाले, आणि पुन्हा सुरू झाले. आधीपेक्षा कडक!