छापील किमतीची गादी

आमची ताई चिडली की आधी गप्प होते. कर सल्लागाराच्या खोलीत ती गप्प झाली, तेव्हाच मी खुर्ची जरा मागे घेतली.

बावीस वर्षं ती गाद्यांच्या दुकानात गाद्या विकते. गेल्या वर्षी सगळ्यांत जास्त विकल्या म्हणून गाद्या बनवणाऱ्या कंपनीने तिला आपली सर्वांत महागडी गादी बक्षीस दिली. आई अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा. या गादीवर तिला पहिल्यांदा नीट झोप लागली. आणि वर्ष संपताच कंपनीने ते बक्षीस ताईचं उत्पन्न म्हणून करखात्याला कळवलं, तेही छापील किमतीने! ती किंमत आजवर एकाही गिऱ्हाइकाने दिलेली नाही. रोज सकाळी ती खोडून खाली निम्मा आकडा लिहायचं काम ताईचंच. भुलवायचं गिऱ्हाइकाला आणि कर भरायचा हिने! माझं डोकंच फिरलं.

"गिऱ्हाइकांच्या घरी पलंग मोजायला मी पदरमोड करून जाते. तो खर्च तरी वजा करा," ताई म्हणाली.

"तुम्ही नोकरदार. नोकरदाराला खर्च दाखवता येत नाही."

"उत्पन्न मात्र दाखवता येतं?"

सल्लागार चष्मा पुसू लागला. "इतका कर जड जात असेल तर गादी विकून टाका," तो म्हणाला.

"आईच्या अंगाखालून काढून?" ताईचा आवाज असा चढला की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

मग सल्लागार नरमला. गादी खरोखर कितीला विकली जाते ते दाखवणारी दुकानाची बिलं आणा, म्हणाला, किंमत कमी धरून घेता येईल.

पण दुकानाचा मालक बिलं देईना. "सवलतीचं बिंग फुटेल, बाई!"

दुसऱ्या दिवशी ताईने एकाही गादीची किंमत खोडली नाही.

"सवलत?" पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाही. सरकारदरबारी हीच खरी किंमत आहे."

संध्याकाळपर्यंत एक उशीसुद्धा खपली नाही. मालक दातओठ खात आला आणि बिलांच्या प्रती तिच्या पुढ्यात आपटून गेला.

कर निम्म्यावर आला. तोही भरताना ताईचा तळतळाट चालूच होता. "भीक नको पण कुत्रा आवर! एवढं राबून वर मीच पैसे मोजायचे?"

रात्री ताई अंग पुसत असताना आईने कौतुकाने विचारलं, "पुढच्या वर्षीही पहिली येशील ना गं?"

"नाही. दुसरी येणार."

"दुसरीला काय देतात?"

"टाळ्या," ताई म्हणाली, आणि आईला हलकेच कुशीवर वळवलं.