पाच लिटरचा कॅन

आमच्या टिळकवाडीतल्या किडनीच्या दवाखान्यातून रिपोर्ट पेशंटबरोबर घरी जातात, किस्से मात्र इथंच राहतात. मी लॅब टेक्निशियन. वय आणि वजन दोन्ही वाढल्यामुळं सगळ्यांची आक्का. लोकांना वाटतं, लघवी तपासणाऱ्या बाईकडं सांगण्यासारखं काय असणार? अहो, एकट्या रेखाचंच ऐका!

रेखा वडगावची, विणकराच्या घरची सून. तिला ल्युपस झाला. म्हणजे शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. रेखाच्या किडन्यांवर उलटली आणि लघवीतून प्रोटीन वाहून जायला लागलं. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं, "डॉक्टर, मला मूल होईल न्हवं?"

"प्रोटीन दिवसाला अर्ध्या ग्रॅमच्या खाली आण आणि सहा महिने तिथंच ठेव. मग गोळ्या बदलू, मग बाळाचं बघू."

त्या दिवशी होतं तीन ग्रॅम.

*

प्रोटीन मोजायला चोवीस तासांची सगळी लघवी पाच लिटरच्या कॅनमध्ये गोळा करावी लागते. रेखाचा पहिला कॅन जवळजवळ भरूनच आला! तपासला तर क्रिएटिनिन दोन बायांचं. ते प्रत्येकाच्या लघवीतून रोज साधारण ठरलेलंच जातं, त्यामुळं लबाडी लगेच कळते. डॉक्टरांनी तिच्या सासूला, यल्लूबाईंना, आत बोलावलं.

"मावशी, यात आणखी कुणाचं काही आहे का?"

"हाय की, माझं!" यल्लूबाईंच्या चेहऱ्यावर लाजेचं नाव नाही. "कॅन निम्माच झालता. दुसऱ्याचं भांडं आमच्यात कधी रितं परत जात न्हाय!"

डॉक्टरांनी समजावलं. पुढच्या वेळी यल्लूबाई दिवसभर बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसल्या. कॅनकडं कुणाला फिरकू दिलं नाही. रेखा कॅन देताना कुजबुजली, "आक्का, पहाऱ्यात मला व्हईनाच झालतं!"

*

रेखाचा नवरा परशराम पॉवरलूमवर साड्या विणतो. एका मंगळवारी स्कूटरला दोन पिशव्या अडकवून निघाला. एकीत खडेबाजारातल्या शेटजींना द्यायच्या साड्या, दुसरीत कॅन. पिशव्या दोन्ही साडीच्या दुकानातल्याच. आधी दुकान, मग आमच्याकडं. मी पिशवी उघडली तर आत सहा साड्या, घडी न मोडलेल्या!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. शेटजींचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"परशराम, गिऱ्हाईक पुढ्यात बसलंय रं. पिवळा रंग दिसतोय, पदर कुठाय?"

*

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी रेखाचं तोंड गोल झालं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "लग्न मानवलं गं तुला!"

"लग्न न्हाय काकू, गोळ्या मानवल्यात!" रेखा हसून सांगायची.

पण हसणं वरवरचं होतं. प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या खाली आलं होतं, चार महिने तिथं टिकलंही होतं. अशात नणंदेचं लग्न ठरलं. फोटोत बारीक दिसावं म्हणून रेखानं गोळ्या गुपचूप बंद केल्या. प्रोटीन परत अडीच ग्रॅम! सहा महिन्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तो रिपोर्ट देताना मला तिचा रागही आला आणि रडूही.

डॉक्टर तर चिडलेच. "स्टिरॉइड असं एकदम बंद केलंस तर जिवावर बेतेल!"

यल्लूबाई मात्र सुनेवर ओरडल्या नाहीत. तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तोंड गोल झालं तर हू दे गं. आतली चाळण नको व्हायला."

दुसऱ्या दिवसापासून गोळी घेतली की सासूपुढं तोंड उघडून दाखवायचं, असा नियम झाला. सवय इतकी लागली, की डॉक्टरांनी नुसतं "काय म्हणतेस?" विचारलं तरी रेखा आ करायची!

*

प्रोटीन हळूहळू खाली आलं, सहा महिने खालीच राहिलं. गोळ्या बदलल्या. मग रेखाला दिवस गेले. ते नऊ महिने तिचा दर रिपोर्ट मी दोन-दोनदा तपासून बघायचे.

गेल्या महिन्यात यल्लूबाई एकट्याच आल्या आणि काउंटरवर पाच लिटरचा कॅन ठेवला. मी सवयीनं हातमोजे चढवले, लेबल काढलं.

"रेखाचं का?"

"व्हय, रेखाचंच. नात झाली आक्का! दोघी झ्याक हाईत." त्यांनी झाकण काढलं, तर आत कुंदा! घरी दूध-साखर आटवून केलेला, तांबूस, दाणेदार. "तुमचा एक कोरा कॅन आमच्याकडं राहिलता. रिता कसा द्यायचा?"

सगळा स्टाफ गोळा झाला, पण कॅनमध्ये चमचा घालायला कुणी धजेना. गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. त्यांनी कॅनमध्ये डोकावून बघितलं, मग यल्लूबाईंकडं.

"मावशी, यात आणखी कुणाचं काही नाही ना?"

"हाय की!" यल्लूबाई म्हणाल्या. "निम्माच झालता. वरचा विहिणीनं भरला!"