सुमनच्या कादंबरीतली पोरगी

मंडळी, आज केदारखेड्याला जाऊन आले. माझी कॉलेजची मैत्रीण सुमन गेल्या महिन्यात वारली. तिच्या यजमानांना भेटायला गेले होते.

सुमनला जादूच्या, गोड प्रेमाच्या कादंबऱ्यांचं वेड. एक चेटकीण, तिचं चहाचं दुकान, तिच्यावर जीव लावणारा माळी. वाईट काही घडतच नाही. मला असलं वाचवत नाही.

यजमानांची नजर गेल्यापासून ती त्यांना रोज वाचून दाखवायची. "ताई, थोडं राह्यलंय, तेवढं वाचा," ते म्हणाले.

मी वाचू लागले. जरा वेळानं त्यांनी थांबवलं. "हे ते पुस्तक न्हाई. त्या चेटकिणीची अन् माळ्याची पोरगी कुठंय? लई वांड हाये ती. आता शाळेत जाणार व्हती."

मी पानं चाळली. पुस्तकात त्या दोघांना मूलच नाही. सुमनलाही कधी झालं नाही.

"मंग, गेली का शाळेत?"

"गेली," मी पुस्तकात बघत म्हटलं. "दप्तर आपटत गेली."

"बराबर," ते हसले. "हेच ते पुस्तक."

पुढच्या रविवारी परत बोलावलंय. असल्या कादंबऱ्या वाचणाऱ्यांनो, मला सांगा, ती पोरगी पुढं काय काय करते?