आंग मो किओची बर्फतज्ज्ञ

माझा जन्म पुण्याचा. पुण्यात टेकड्या आहेत. तेवढ्या भांडवलावर मी सिंगापुरात वर्षभर बर्फतज्ज्ञ म्हणून मिरवले.

ही गोष्ट साधारण दोन हजार चौदा-पंधराची. आमची कंपनी आंग मो किओच्या औद्योगिक वसाहतीत होती, छोटीशी, यंत्रांच्या नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक डबे बनवणारी. त्या डब्यांची माहितीपुस्तकं मी लिहायचे. उत्तरेकडच्या एका थंड देशातल्या ग्राहकाला स्नोमोबाइलसाठी, म्हणजे बर्फावरच्या गाडीसाठी, डबा हवा होता. बर्फ कसा आहे ते बघून बटण दाबायचं आणि गाडीचं सस्पेन्शन त्याप्रमाणे मऊ किंवा कडक व्हायचं. डब्यासोबत गाडीच्या देखभालीचं पुस्तकही आम्हीच लिहून द्यायचं होतं. फोनवर त्यांनी विचारलं, तुमच्यात बर्फाचा अनुभव कुणाला आहे? बॉसने क्षणाचाही विचार न करता माझं नाव घेतलं.

"बॉस, मी पुण्याची आहे," फोन ठेवल्यावर मी म्हणाले.

"सो? इंडिया गॉट हिमालय, व्हॉट."

ज्याचा अख्खा देश एमआरटी मेट्रोने तासा-दीड तासात संपतो, त्याला पुणे ते हिमालय हे अंतर कसं समजावणार? आणि खरं सांगायचं तर मला समजावायचंही नव्हतं. डिसेंबरात माझा वर्क पास, म्हणजे नोकरीचा परवाना, संपत होता. नवरा आणि मुलगी माझ्याच पासवर राहत होते. बॉसने स्पष्ट सांगितलं होतं, ग्राहकाने पुस्तक मंजूर केलं तर काम इथेच राहील आणि तुझा पास पुढे वाढवायचा अर्ज करतो. नाहीतर हा विभागच बंद. त्यामुळे हिमालय थोडा दक्षिणेला सरकला तर मी कशाला अडवू?

नमुन्याची गाडी आली आणि मालधक्क्यावर उभी राहिली. पुढे दोन स्की, मागे रबरी ट्रॅक, चाक एकही नाही. बाहेर पाऊस आणि उकाडा, आणि ही बया बर्फाची वाट बघत बसलेली. मी इंटरनेटवरून वाचून लिहायला बसले. भुसभुशीत बर्फात सस्पेन्शनचा पुढचा नायलॉनचा पट्टा सैल सोडायचा, म्हणजे गाडी मागच्या अंगावर बसते आणि नाक वर काढून चालते. कडक बर्फात तोच आवळायचा, म्हणजे स्की जमीन धरतात आणि गाडी वळते. ओला बर्फ ट्रॅकमध्ये गच्च बसतो, तो गाडी उभी करण्याआधी झाडायचा, नाहीतर रात्रीत गोठून ट्रॅक जागीच अडकतो. हे सगळं मी अशा थाटात लिहिलं, जणू लहानपणापासून बर्फ झाडूनच शाळेत जात होते.

तरी मन खात होतं. म्हणून संशोधन सुरू केलं. ऑफिससमोरच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, एक म्हातारे अंकल आइस कचांग विकायचे. आपल्या गोळ्यासारखाच किसलेला बर्फ, फक्त वाडग्यात, वर रंगीत सिरप आणि खाली राजमा-मका असलं काहीबाही. मी रोज जेवणानंतर तिथे जाऊन साधा किस मागायचे, त्यात चमचा रोवायचे, दाबायचे, वितळू द्यायचे आणि वहीत टिपणं काढायचे.

"नो सिरप?" पहिल्या दिवशी अंकलनी विचारलं.

"नो सिरप. ऑफिस वर्क."

त्यांनी माझ्याकडे, हिला डॉक्टरकडे पाठवावं, अशा नजरेने पाहिलं. एकदा घाईत मी म्हटलं, फ्रीजरमधली लादी तशीच लावा ना. ते म्हणाले, "कॅनॉट. मस्ट स्वेट फर्स्ट. ड्राय आइस, माय ब्लेड गॉन." बर्फाला आधी घाम फुटू द्यायचा, कोरड्या बर्फाने पातं जातं. हे मात्र मी वहीत लिहिलं नाही. चाळीस वर्षं बर्फ किसणारा माणूस बोलत होता, पण त्याच्याकडे डिग्री नव्हती आणि माझ्याकडे पुणे विद्यापीठाची होती.

घरी नवऱ्याला सगळी तालीम सांगितली तर तो म्हणाला, "अगं, त्यावर काला खट्टा घालून बॉसलाच दे की. मंजूर करेल." मुलीने शाळेत 'माय मदर इज अ स्नो एक्स्पर्ट' असा निबंध लिहून चांदणी मिळवली होती. मला त्या चांदणीची लाज वाटायची आणि अभिमानही.

पुस्तकात माझं स्वतःचं असं काही असेल तर ते कोरडेपण. सिंगापुरात ओलावा हा मुख्य शत्रू. चामड्याच्या चपलेला आठवड्यात बुरशी येते, कपाटात ओलावा ओढणारे डबे ठेवून त्यांत साचलेलं पाणी ओतावं लागतं. मी गाडीच्या पोटाशी वाकून पाहिलं, तर ट्रॅकच्या आत दोन लांब प्लास्टिकच्या पट्ट्या होत्या, ज्यांच्यावरून ट्रॅक घसरत फिरतो. त्यांवर म्हणे बर्फ उडतो. मी पानोपानी लिहिलं: घसरपट्ट्या पुसून घ्याव्यात, कोरड्या ठेवाव्यात, ओलावा राहू देऊ नये. नमुन्याच्या गाडीच्या पट्ट्या तर मी स्वतः फडक्याने पुसल्या आणि शेजारी बुटांच्या खोक्यातल्या त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या ठेवल्या.

ग्राहकाच्या तपासनीस बाई सोमवारी येणार होत्या. आदल्या शुक्रवारी दसरा आला. आमचा टेक्निशियन तमिळ, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. आयुधपूजेला यंत्राला गंध लागलंच पाहिजे, यावर आमचं एकमत होतं. बॉसही लगेच कबूल झाला, "गुड, गुड. माय मदर ऑल्सो प्रे टू मशीन." टेक्का बाजारातून झेंडू आणला. आपटा कुठला मिळायला, रस्त्याकडेच्या कांचनाची गळून पडलेली पानं वेचली, कारण दंडाच्या भीतीने तोडायची माझी छाती नव्हती. हळदकुंकू झालं, नारळ फुटला. मग प्रश्न आला लिंबांचा. गाडीखाली लिंबू चिरडल्याशिवाय पूजा पुरी होत नाही, पण चाकच नाही तर लिंबू ठेवायचं कुठे? बरीच चर्चा होऊन ट्रॅकखाली ठेवायचं ठरलं.

शटर उघडं टाकून टेक्निशियनने गाडी सुरू केली. लिंबू फटकन फुटलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण नवरात्र नुकतंच संपलं होतं आणि कुणालातरी, म्हणजे मलाच, नऊ फेऱ्यांची कल्पना सुचली. एकेकाने एकेक फेरी मारली. सिमेंटच्या कोरड्या ठणठणीत फरशीवर, खणखणाट करत, स्कीतून ठिणग्या काढत. सातव्या फेरीला जळका वास आला. बॉसला वाटलं उदबत्ती. नववी माझी होती, आणि अर्ध्यात गाडी रुसल्यासारखी जागच्या जागी अडकली. वाकून पाहिलं तर माझ्या त्या पुसून लख्ख केलेल्या पट्ट्या पातळ होऊन ट्रॅकला चिकटल्या होत्या.

शनिवार-रविवार मी जेवले नाही. दोन दिवसांत पट्ट्या कुठून मिळणार? या देशात त्या विकायला कोण बसलंय?

सोमवारी बाई आल्या. साठीच्या, उन्हाने लालबुंद झालेल्या, हातात वर्तमानपत्राचा पंखा. गाडीवरची झेंडूची माळ त्यांनी शांतपणे बाजूला केली, फरशीवर मांडी घातली आणि नखाने पट्टी खरवडली. मग पुस्तक उघडलं. बराच वेळ पानं उलटत होत्या. शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही बर्फ पाहिलाय?"

बॉसने तोंड उघडलं, "हिमाल..."

"नाही," मी म्हणाले. "फ्रीजरमधला पाहिलाय. आणि समोरच्या वाडग्यातला."

 एकदाचं बोलून टाकल्यावर जे हलकं वाटलं, ते विसरता येत नाही. बाईंनी समजावून सांगितलं. ट्रॅक बर्फ उडवतो तो या पट्ट्यांवर पडतो, आणि त्याच्या पाण्यावरच त्या थंड राहतात, घसरतात. कडक बर्फावर पुरेसा उडत नाही, म्हणून तिथे बर्फ खरवडून उडवणाऱ्या तारा लावतात. तुम्ही पानोपानी नेमकं तेच पाणी पुसायला सांगताय. "बरं, ते वाडगं कुठे मिळतं?" त्यांनी विचारलं.

अंकलच्या गाळ्यावर बाईंनी दोन वाडगी संपवली. मी म्हटलं, "अंकल, ते कोरड्या बर्फाचं परत सांगा ना." त्यांनी परत सांगितलं. बाई हसत माझ्याकडे वळल्या, "पुस्तक यांच्याकडून का नाही लिहून घेतलंत?" मी डिग्री बाजूला ठेवून वही काढली आणि अंकलचं वाक्य लिहून घेतलं.

मग बाई चार दिवस राहिल्या. 'कोरडे ठेवा' जिथे जिथे होतं तिथे लाल रेघ आली. मी पहिल्या पानावर एक नवीन वाक्य घातलं: बर्फ नसेल तिथे ही गाडी चालवू नये. बाई म्हणाल्या, आमच्याकडे हे कुणी लिहीत नाही, कारण आमच्याकडे कुणी असं करत नाही. मग स्वतःच म्हणाल्या, राहू दे, भाड्याने घेणारे पर्यटक करतात. शेवटी पुस्तक मंजूर झालं.

डिसेंबरात बॉसने पासच्या अर्जाला जोडायचं पत्र माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, यांना बर्फाच्या निरनिराळ्या प्रकारांचा प्रत्यक्ष अनुभव आहे. खाली माझी सही हवी होती.

"बॉस, हे खोटं आहे. बाईंसमोर मी सांगितलं ना?"

"यू ईट एव्हरी डे, राइट? प्रॅक्टिकल लाह."

बाईंसमोर खरं बोलताना किती हलकं वाटलं होतं, ते आठवलं. घरी दोघं जेवायला थांबली होती, तेही आठवलं. मी पेन उचललं आणि सही केली.