चिंचोक्यांची अक्षरं

"दादाचा उठावना होता की आपण आइस्क्रीमचं दुकान उघडत होतो?" रामभाऊंनी पेपर चौथ्यांदा टेबलावर आपटला. "हा 'श' बघा. शोक करतोय का हा? ढेकर देतोय!"

"बाबा, तो फॉन्ट मोठ्या नावांसाठी आहे," सून संहिता म्हणाली. "दुकानाची पाटी, खेळण्यांचं खोकं, फार तर मुलांच्या पुस्तकाचं कव्हर. निधनाच्या जाहिरातीसाठी मी तो केलेलाच नाही."

"मग घातला कोणी?"

रामभाऊंचा मुलगा नचिकेत, त्यानं चहात बुडवलेला टोस्ट तुटून तळाला गेला. कोणी घातला हे स्नेहलतागंजच्या त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. विचारणारा तेवढा सोयीस्कर विसरला होता.

रामभाऊंचे थोरले बंधू चिंतामणराव चार दिवसांपूर्वी राऊ गावी वारले. नचिकेत आणि संहिता लगेच तिकडे धावले. उठावन्याची, म्हणजे शोकसभेची, जाहिरात पेपरात द्यायची होती, आणि मजकुराच्या बाबतीत हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या रामभाऊंचा स्वतःखेरीज कोणावर विश्वास नव्हता. ते सुनेच्या कॉम्प्युटरवर बसले, एका बोटानं मजकूर टाइप केला आणि एकेका फॉन्टचं अक्षर लावून पाहिलं. अंत्यविधीला गेले तेव्हा चष्मा राऊलाच राहिला होता. जे अक्षर चष्म्याशिवाय वाचता आलं, ते ठेवलं आणि पाठवून दिलं.

ते अक्षर त्यांच्या बायकोचं, मनोरमाबाईंचं निघालं.

परदेशीपुऱ्यातल्या बालवाडीत मनोरमाबाईंनी एकोणतीस वर्षं काढली. मिल बंद पडत होत्या, पाट्या-पेन्सिली सगळ्यांना पुरत नव्हत्या. बाई घरून पिशवीभर चिंचोके नेत, फरशीवर त्यांची अक्षरं मांडत आणि मुलांना त्यावरून बोट फिरवायला लावत. चिंचोक्याला टोक नसतं, म्हणून अक्षरांनाही नसे. "कोपऱ्यात बोट अडतं, आणि बोट अडलं की पोरगं खिडकीबाहेर बघतं," हे त्यांचं सगळं शिक्षणशास्त्र. एकदा इन्स्पेक्टरनं विचारलं, "बाईजी, ये अक्षर हैं कि कचोरियां?" बाईंनी त्याला कचोरी खाऊ घातली आणि अक्षरं तशीच ठेवली.

घरात मात्र बाईंच्या ह्या गोल अक्षरांची धाव लोणच्याच्या बरण्यांवरच्या चिठ्ठ्यांपर्यंत. रामभाऊंचे पणजोबा होळकरांच्या दफ्तरात मोडी लिहीत. त्या घराण्यात पाकिटावर असं फुगीर अक्षर म्हणजे अब्रूच गेली. नचिकेतच्या लग्नात बाईंनी हौसेनं चाळीस पाकिटांवर पत्ते लिहिले. रामभाऊंनी ती बाजूला सारली. "बालवाडीचं आमंत्रण वाटतं," म्हणाले, आणि रात्रभर जागून स्वतः नवी लिहिली. बाईंनी आपली चाळीस उचलून ठेवली. पुढे दोन वर्षं किराण्याच्या याद्या त्याच पाकिटांच्या पाठीवर होत होत्या.

त्याच लग्नानं संहिता घरात आली. कॉम्प्युटरसाठी अक्षरं काढणं हा तिचा धंदाच. तिनं बरण्यांचे फोटो घेतले आणि दीड वर्ष त्यांच्यामागे लागली. रेघा जाड केल्या, टोकं गोल केली, वेलांट्या शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर आपटू नयेत म्हणून रात्रंदिवस भांडली. बरण्यांवर 'ढ' सापडेना, कारण ढचं लोणचं होत नाही. त्यासाठी बाई गुडघे धरत फरशीवर बसल्या आणि पुन्हा चिंचोके मांडले. फॉन्टचं नाव ठरलं 'मनोरमा'. फॉन्ट विकायला घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला आता बाईंचं सहीचं संमतीपत्र हवं होतं, शुक्रवारपर्यंत. आज गुरुवार.

"ते पत्र जाणार नाही," रामभाऊंनी निकाल दिला. "आपल्या घरातलं नाव घेऊन हा विदूषक गावभर फिरणार? लोक हसतील."

"नाव माझं आहे," बाई म्हणाल्या.

"आणि ज्याचं हसं झालं तो भाऊ माझा आहे!"

 तेवढ्यात फोन वाजला. राऊहून सुमनवहिनी, चिंतामणरावांच्या पत्नी. रामभाऊंना कमी ऐकू येतं म्हणून नचिकेतनं स्पीकर लावला.

"भाऊजी, तेराव्याच्या कार्डाचं सांगायचं होतं. पेपरातलं तेच अक्षर ठेवा."

"वहिनी, ती चूक झाली, मी माफी..."

"कसली माफी? मोतीबिंदू असून माझं मी वाचलं. पन्नास वर्षं ह्यांचं नाव दारावर वाचत आले, नेहमी कोणावर तरी तापल्यासारखं दिसायचं. पेपरात पहिल्यांदा आरामात बसलेलं दिसलं. शेजारचे शर्माजी पण म्हणाले, 'भाभीजी, भोत दिन बाद किसी का उठावना पूरा पढ़ा.' कोणी निवडलं हो?"

 रामभाऊंनी पेपराची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"मीच," ते म्हणाले. मग घाईनं, "चष्मा नव्हता."

"बरं झालं नव्हता," वहिनी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मनोरमाबाई उठल्या. फ्रिजवरचं संमतीपत्र काढलं, किराण्याच्या यादीचं पेन घेतलं आणि उभ्याउभ्याच सही केली. 'म'चं पोट जरा जास्तच सुटलं.

"संहिता, हे आत्ताच पाठव," त्या म्हणाल्या. मग कप गोळा करता करता, कोणाकडेही न बघता: "तेराव्याच्या पाकिटांवरचे पत्ते मी लिहिणार आहे. सगळे."