चहात बुडवलेला फोटो

पोरांनो, तुमचे आजोबा त्या दिवशी आमच्या लातूरच्या स्टुडिओच्या गच्चीवर परक्या बाईचे नवरे होऊन बसले होते. नेसायला धोतर, डोक्याला पटका, चेहऱ्यावर नाराजी. खुर्चीमागे लुगडं नेसून उभी असलेली माझी मैत्रीण सुलोचना हसू दाबत होती. हलायला बंदी होती, म्हणून तिला जास्तच हसू येत होतं.

"मनगटावरचं घड्याळ तरी काढा," मी म्हटलं.

"नवरा होऊन बसलो, आता घड्याळ पण मागतेस," आजोबा म्हणाले आणि त्यांनी ते काही काढलं नाही.

हा खटाटोप सुलोचनाच्या भावासाठी, महालिंग सरांसाठी. त्यांचा कोचिंग क्लास जोरात होता. आमचा स्टुडिओही तेव्हा क्लासच्या मुलांच्या पासपोर्ट फोटोंवरच चालायचा. सरांना नव्या बिल्डिंगच्या दारात आईवडिलांचा जोडीचा फोटो हवा होता. जोडीचा फोटो एकच होता, लग्नानंतर नांदेडला जाऊन काढलेला. भूकंपात घर पडलं, वडील गेले आणि तो फोटोही ढिगाऱ्यात गेला.

"जुना वाटला पाहिजे, मॅडम. एकदम अँटिक," सर म्हणाले. "पालक आत आले की वाटलं पाहिजे, घराणं आहे."

उदगीरच्या मामांकडे एक ग्रुप फोटो मिळाला. वडील मागच्या रांगेत, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा. स्कॅन करून मोठा केला की धूसर व्हायचा. डिजिटल कॅमेऱ्यातल्या चकाचक धडावर असला चेहरा ठिगळासारखा दिसतो. म्हणून धडही धूसर हवं होतं.

त्यासाठी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला आणि आतून काळा रंगवला. एका बाजूला सुईनं भोक पाडलं, समोरच्या बाजूला ब्रोमाइड पेपर लावला. ब्रोमाइड म्हणजे उजेड लागला की चित्र उमटणारा कागद. याला पिनहोल कॅमेरा म्हणतात. भिंग नाही, बटण नाही. भोकावरची चिकटपट्टी काढायची आणि माणसांनी पुतळ्यासारखं थांबायचं. पहिल्या फोटोत सुलोचनाला दोन नाकं आली. दुसरा जमला.

मग तो स्कॅन करून कॉम्प्युटरवर घेतला, ब्रोमाइडवर उलटं उमटलेलं काळंपांढरं सुलटं केलं. आजोबांच्या जागी सरांचे वडील बसवले. सुलोचनाला काही करावं लागलं नाही, ती आईचं तोंड घेऊनच जन्मली होती. मनगटावरचं घड्याळ मी पुसलं. खेड्यातल्या शेतकऱ्याच्या हातात घड्याळ शोभेना. फोटोवर आडवातिडवा एक तडा काढला. प्रिंट चहाच्या डिकॉक्शनमध्ये बुडवली, कोपरे घासले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

सर तर खूश. "एक नंबर! लगेच फ्रेम करा."

"आधी आईंना दाखवू," मी म्हटलं.

आई आल्या. फोटो मांडीवर घेतला. वडिलांच्या पटक्यावरून बोट फिरवलं. मग पदराचं टोक जिभेला लावलं आणि तडा पुसायला लागल्या.

"जाईना की ओ बाई ह्ये."

"आई, मुद्दाम केलंय ते," सर म्हणाले. "जुना वाटावा म्हणून."

"मुद्दाम? चांगला फोटू मुद्दाम फाडलाव?"

"फाडला नाही गं, इफेक्ट आहे."

"माझा फोटू फाटका नव्हता. पेटीत, लुगड्याच्या घडीत ठेवत होते. कवाबी काढा, नवाच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "घराला तडे गेले ते बास झाले, बाई. ह्यांच्या अंगावर आनि कशाला?"

सरांनी घसा साफ केला. "पण आई, दारात लावायला अँटिक लुक..."

"तुला फाटकं पायजे तर तुझा फोटू फाड अन् लाव दारात."

सरांनी शाळकरी पोरासारखी मान डोलावली. मुलांना दिवसभर गप्प करणारा माणूस!

"आनि ह्यांचं घड्याळ कुठाय?" आईंनी मला विचारलं. "सोयऱ्याचं मागून आनलं होतं, फोटूपुरतं. दिसावं म्हनून बाही वर केली होती."

कॉम्प्युटरवर एडिटिंग थराथरानं होतं, चित्रावर पारदर्शक कागद ठेवत जावेत तसं. तड्याचा कागद मी एका क्लिकमध्ये काढला. घड्याळ पुसल्याचा कागदही काढला. खालून आजोबांचं घड्याळ जसंच्या तसं वर आलं. नवी प्रिंट स्वच्छ, काळीपांढरी काढली. आईंनी ती पदरात गुंडाळून स्वतः नेली. क्लासच्या दारात दुसरी प्रत लागली. पालकांना घराणं दिसलं की नाही, ठाऊक नाही. ॲडमिशन मात्र फुल्ल झाल्या.

तेव्हापासून जुन्या लुकचं काम आलं की मी आधी विचारायची, फोटो पाहणार कोण? परक्यांसाठी असेल तर चहा, तडे, डाग, काय हवं ते घाला. ज्याचं माणूस आहे त्याच्यासाठी असेल तर चहा पिऊन टाका.

आणि हो. परवा तुम्ही माझ्या आणि आजोबांच्या लग्नाच्या फोटोला मोबाइलमध्ये ओरखडे पाडून तो मला पाठवलात. छान जमलंय. आता मूळचा पाठवा.